माझ्या पाठीवरचं ऊन

मी घरावरचा पत्रा बोलतोय. आवाज कर्कश आहे, चालवून घ्या. गोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही. कारखान्यात दोन रुळांमध्ये दाबून माझ्या अंगावर नागमोडी घड्या पाडल्या, ट्रकमध्ये फेकलं आणि या घरावर आणून ठोकलं.

ठोकून घेणारे घरातले बाबा. "स्लॅब पुढच्या वर्षी," असं ते तेव्हापासून सांगताहेत. मोठ्या माणसांचं पुढचं वर्ष कधी येत नाही. तोवर मी तापत राहिलो आणि खालच्यांना भाजत राहिलो. शिव्या मलाच. जणू ऊन मी विकत आणलं होतं!

मग मुलगी कॉलेज सोडून घरी आली आणि शिव्यांचा रोख तिच्याकडे वळला. तिनं मागच्या खोलीत अंडी उबवायची पेटी मांडली. पिल्लं विकायची होती तिला. पण वीज जायची, पेटी गार पडायची. एकदा तिनं न फुटलेली अंडी उघडून पाहिली. आत पिल्लं होती. चोच, नखं, सगळं तयार. मेलेली.

बाबा म्हणाले, "आता शेवटची खेप. हीही वाया गेली तर गुपचूप काकाच्या दुकानात बसायचं. आयुष्यभर."

तिनं स्वतःची स्कूटर विकली आणि सौर पॅनेल मागवली.

बाबांना पॅनेल नकोच होती. आलीच म्हटल्यावर ती रस्त्याच्या बाजूला हवी झाली.

"लोकांना दिसली पाहिजेत."

"लोकांनी बघून वीज तयार होते का, बाबा?"

"मला शिकवू नकोस. कॉलेज कुणी सोडलं?"

ती शिडी लावून वर आली. सकाळ सरत आली होती. तिनं रस्त्याकडच्या उतारावर तळहात ठेवला. गार. शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली तिथं दुपारपर्यंत हलत नाही. मग मागच्या उतारावर हात ठेवला आणि "आई गं!" म्हणून झटकला. इतक्या वर्षांत मला हात लावून काही विचारणारी ती पहिलीच.

पॅनेल मागे बसली. भोकं पाडली ती माझ्या घड्यांच्या उंचवट्यावर. खोलगट भागात पाडली असती तर घर गळलं असतं. प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मग पॅनेल माझ्यावर आडवी झाली, मधल्या फटीतून वारा खेळायला लागला आणि पाठीच्या त्या भागानं पहिल्यांदा सावली पाहिली.

आणि त्या काचांवर ऊन पडलं. धूर नाही, आवाज नाही, हलणारं काहीच नाही. नुसतं ऊन वायरमधून खाली उतरलं आणि पेटीतला दिवा लागला. ज्या उन्हानं मी माणसं भाजली, तेच ऊन अंड्यांना हवी तेवढीच ऊब देत होतं. मी थक्क झालो. अजून आहे.

अंडी फुटायला दोनच दिवस उरले आणि भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. सगळी गल्ली अंधारात, आमच्याकडे पॅनेलनी दिवसा भरलेली बॅटरी. मुलगी पिल्लांसाठी खाणं आणायला बाहेर गेलेली. बाबांची छाती फुगली. त्यांनी गल्ली गोळा केली. टीव्ही सुरू, पंखे सुरू, जिथं तिथं मोबाइल चार्जिंगला.

"या, या! आमच्याकडे वीज जातच नाही. पॅनेल मीच बसवून घेतली ना!"

मुलगी परतली तेव्हा इन्व्हर्टर केविलवाणा टुकटुकत होता. तिनं टीव्हीची पिन उपटली.

"अगं, लोक बसलेत!"

"उठतील. काका, उठा. मावशी, तुमचा चार्जर घ्या."

"अंड्यांसाठी माणसं उठवतेस? नाक कापलंस माझं!"

"तुमचं नाक परत उगवेल, बाबा. आतली मेली तर मेली."

लोक गेले. उरलेल्या बॅटरीवर पेटीनं पहाटेपर्यंत तग धरला, मग दिवा विझला. तिनं घरातल्या सगळ्या रजया पेटीवर टाकल्या. बाबा दारात उभे. काही बोलले नाहीत. ही त्यांनी केलेली पहिली मदत.

मग सूर्य उगवला. पुढचा उतार टाकीच्या सावलीत होता. मागच्या उतारावर ऊन सरकत आलं, पॅनेलच्या काठाला लागलं, काचांवर पसरलं. थोड्या वेळानं खाली पेटीचा दिवा लागला. केवढ्या लांबून आलं ते ऊन! वाटेत कुठं अडलं नाही, आणि येऊन थांबलं ते एका खोक्यातल्या अंड्यांपाशी. इतकी वर्षं ते माझ्या पाठीवर पडत होतं आणि मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

आता माझे काठ गंजलेत. भंगारात जायचं तेव्हा जाईन, रडणार नाही. गारा, दगड, कावळ्यांच्या चोची, सगळे आवाज मी वरून ऐकले. आज मात्र खालून आवाज येतोय. टक. अंड्याच्या आतून. टक. एक पिल्लू बाहेर आलंय, ओलं, लटपटत. बाबा पेटीला कान लावून बसलेत आणि सवयीनं सल्लेही देताहेत.

"श्श, बाबा," मुलगी म्हणतेय.

तुम्हालाही माझी तेवढीच विनंती. जरा गप्प बसा. दुसरं टोचतंय.