चाचणी यशस्वी, बाई परत

मी चाचणीचा फोन, सात नंबरचा. मला कोणी हौसेने विकत घेतलं नाही. खोक्यातून निघालो तो थेट कार्यालयाच्या टेबलावर, आणि पोटात ओळखपत्रांचं डिजिटल पाकीट आलं. एका खात्याने दिलेलं ओळखपत्र दुसऱ्या खात्याच्या पाकिटालाही वाचता यावं, माणसाने कागदांची पिशवी घेऊन उंबरे झिजवू नयेत, असा बेत होता. बेत चांगलाच होता, खोटं कशाला बोलू?

सहा महिने चाचणीवाल्या बाईने माझ्यात खोटी माणसं भरली. खोटी माणसं फार गुणी. एक तेवढं अडलं. त्याचं फक्त जन्मवर्ष होतं, तारीख नव्हती. साहेब म्हणाले, "एक जानेवारी टाक आणि पुढे हो." चाचणी पास झाली. तेव्हापासून तारीख नसली की पाकीट आपणहून एक जानेवारी भरू लागलं. बाई कुरकुरली. तिचं कोण ऐकतो?

मग खऱ्या माणसांवर प्रयोग करायला मला एका रुग्णालयाच्या नोकरभरतीच्या खिडकीवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी एक परिचारिका आली, सोबत तिचे म्हातारे वडील. अकरा वर्षं काम केलेली बाई. पाचच्या आत परवाना पडताळून रुजू व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

तिचा परवाना दुसऱ्या खात्याच्या पाकिटात, त्यावर नुसतं जन्मवर्ष होतं. ओळखपत्रावरही तेवढंच, पण ते माझ्यात उतरवताना माझ्या पाकिटाने एक जानेवारी भरली. दोन्ही पाकिटं बोलली आणि मी लाल झालो.

"ताई, यंत्र म्हणतंय, तुम्ही तुम्ही नाही," कारकून म्हणाला.

"मग ही कोण?" वडील म्हणाले. "चाळीस वर्षं माझ्या घरी जेवतेय, मला तरी सांगायचं."

रांगेतले हसले. ती हसली नाही. तिने कागदी परवाना पुढे सरकवला. कारकुनाने तो हळूच मागे सारला. प्रयोग चालू असेतो कागद घ्यायचा नाही, असा हुकूम होता. त्याने कार्यालयात फोन लावला. चाचणीवाली बाई म्हणाली, चूक आमची आहे, त्यांना घ्या. तेवढ्यात साहेबांनी तिच्या हातून फोन घेतला.

"दोन्ही पाकिटांनी एकमेकांना उत्तर दिलं ना?"

"दिलं, पण नकार दिला."

"उत्तर दिलं म्हणजे चाचणी यशस्वी. यशस्वी लिहा."

कारकुनाने लिहिलं. परिचारिका पाच वाजेपर्यंत खिडकीपाशी उभी राहिली. मग पुढचं नाव पुकारलं गेलं. वडिलांनी कागद घडी करून तिच्या हातात दिला, आणि दोघं जिन्याने उतरली.

अहवालात शंभरातल्या शंभर चाचण्या यशस्वी आहेत. चाचणीवालीने वेगळा शेरा जोडला होता, तो 'अनावश्यक' म्हणून परत आला.

उद्या मला कोरा करून दुसऱ्या खिडकीवर पाठवणार आहेत. खुशाल पाठवा. पण पुसण्याआधी माझ्यातली ती एक नोंद उघडा. यशस्वी म्हणून लिहिलेली ती बाई अजून कामाविना आहे. आधी तिला बोलावून घ्या.