सतरा नंबरच्या खिडकीतली म्हातारी

पुढे मी जी म्हातारी होणार आहे, ती आत्तापासूनच भविष्य निधी कार्यालयात, सतरा नंबरच्या खिडकीमागे बसते. मी सव्वीस वर्षं औषधांच्या कारखान्यात खोकी भरतेय. माझ्या दर पगारातून थोडं कापलं जातं आणि त्यातून त्या म्हातारीला काही ना काही मिळतं. आधी खुर्ची मिळाली, मग चष्मा, शाल, गेल्या दिवाळीला कवळी. तब्येतीनं ती माझ्यापेक्षा बरी आहे. कधीकधी मला तिचा हेवा वाटतो.

त्या दिवशी मी माझ्या लेकीला, शलाकाला, घेऊन गेले. तिची दहावी झाली होती, फ्रिज-एसी दुरुस्तीला नंबर लागला होता आणि फी चारच्या आत भरायची होती.

"शिक्षणासाठी पैसे काढायचेत," मी म्हटलं.

खिडकीतल्या टिकेकरबाईंनी अर्ज वाचला. "कॉलेज कुठलं?"

"आयटीआय."

"म्हणजे दुरुस्ती. तुम्ही तर शिक्षण म्हणालात."

खिडकी वीतभर खाली सरकली. मी वाकले.

"दहावीनंतरचंच आहे ना, मॅडम?"

"हात काळे होतात का?"

"होतात," शलाका म्हणाली. "धुतले की निघतं."

बाईंनी फक्त पहिला शब्द लिहून घेतला. खिडकीची फट झाली. मी गुडघ्यांवर बसले. मला रडू येत होतं, आणि रागही. पोरगी हुशार आहे, हे एवढ्याशा फटीतून कसं सांगायचं?

"यांना विचारते," म्हणत बाई मागे वळल्या.

"शिकून काय करणार गं?" म्हातारीचा आवाज आला.

"बंद पडलेलं चालू करणार, आई." शलाका तिलाही आईच म्हणते.

"मग शिक्षणच की ते!"

बाईंनी शिक्का मारला. "मंजूर. शिक्षण धरलं."

मला इतका आनंद झाला की आधी म्हातारीची शाल बाहेर आली तेव्हा मी हसतच होते. मग चष्मा आला. कवळी आली. खुर्ची घडी होऊन आली.

"आता पुरे, मॅडम."

"पुरे कसं? फी आहे ती. आणि खुर्ची गेल्यावर यांना इथं ठेवता येत नाही."

फटीतून एक हात आला, मग खांदा, मग पांढरं डोकं. मी दोन्ही हात पुढे केले. म्हातारीनं ते चाचपले, सोडून दिले. शलाका पाठमोरी खाली बसली. म्हातारीनं तिच्या गळ्यात हात टाकले, कमरेला पाय आवळले, आणि माझी सोळा वर्षांची लेक कण्हत उठली आणि फीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.