एक जूनकर

श्यामसुंदर हिंगमिरे जानेवारीत गेले. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात चंद्रकांत खरमाट्यांनी श्यामसुंदरांच्या मुलीला, ऋताला, फोन करून सांगितलं की एक जूनचा कार्यक्रम यंदा होणार नाही. यंदाच काय, आता कधीच होणार नाही.

"उद्या हॉलवाल्यांना कळवतोय. म्हटलं, तुला आधी सांगावं."

"उद्या नका कळवू, काका. रविवारी मी येते. पेटी घेऊन येते."

"ये. पण पेटी कशाला?" एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

एक जूनचा कार्यक्रम ही चार माणसांची गोष्ट. चौघंही महाराष्ट्रातल्या चार खेड्यांतून रेल्वेच्या नोकरीत कोलकात्याला, गार्डन रीचला आलेली. शाळेत नाव घालायच्या दिवशी चौघांच्याही आयांना लेकराची जन्मतारीख सांगता आली नव्हती. एक म्हणाली, भुईमूग काढणीला आला होता तेव्हा. दुसरी म्हणाली, थोरली म्हैस व्यायली त्याच्या मागल्या आठवड्यात. गुरुजींना शाळा उघडायच्या आत पोराची सहा वर्षं पुरी झालेली हवी होती, तेव्हा त्यांनी टाक बुडवला आणि एक जून लिहून टाकलं. अशी माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत, तिथे कुणाला त्याचं नवल वाटत नाही. पण गार्डन रीचच्या कचेरीत एका बंगाली बाबूंनी चौघांची सर्व्हिस बुकं एका दिवसात चाळली आणि चष्मा काढून विचारलं, "ओ दादा, तुमच्या देशात आया काय आपसांत ठरवून बाळंत होतात?"

त्या थट्टेतून पहिल्या वर्षी क्लबात केक आला. दुसऱ्या वर्षी केकबरोबर गाणं आलं. तिसऱ्या वर्षापासून तिकीट नसलेला, पण खुर्ची मिळवायला तासभर आधी जावं लागणारा कार्यक्रम सुरू झाला. चंद्रकांत खरमाटे तबल्यावर, श्यामसुंदर पेटीवर, रेल्वेच्या शाळेत शिकवणाऱ्या सुनंदा वायदंडे गायला आणि हेमंत गव्हाणे नकला करायला. स्वतःला ते एक जूनकर म्हणवत. सुरुवातीला एकेकाने उभं राहून आपलं नाव, गाव आणि आपली तारीख लिहिणाऱ्या गुरुजींचं नाव सांगायचं. टाळी पडायची ती गुरुजींना.

नियम एकच होता. कागदावर एक जून असेल तोच मंचावर. फोर्ट विल्यममध्ये बदलून आलेले एक सुभेदार होते, साताऱ्याकडचे, पहाडी आवाजाचे. पण त्यांच्या गुरुजींनी एकतीस मे लिहिलं होतं. चौघांनी त्यांना पोटभर जेवू घालून परत पाठवलं.

आणि ऋतालाही घेतलं नव्हतं. ती एकोणीस वर्षांची असताना तिने बाबांना विचारलं होतं, मी येऊ का वाजवायला? बाबा हसले होते. "तू खऱ्या तारखेची. इस्पितळात झालीस, घड्याळ बघून. तुझं आमच्यात काय काम?" ती महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नव्हती. त्यालाही आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मधल्या काळात तिने बँकेत नोकरी धरली, बालीगंजच्या घरात आईचं आजारपण काढलं, आणि संध्याकाळी पेटीची साथ करत राहिली. दक्षिण कोलकात्यातल्या चांगल्या गायिका कार्यक्रम ठरला की आधी ऋता मोकळी आहे का ते विचारत. आपण चांगलं वाजवतो हे तिला माहीत होतं. एखाद्याला आपल्याला पोहता येतं हे जसं माहीत असतं, तितक्याच साधेपणाने.

रविवारी टॅक्सीतून पेटी मांडीवर घेऊन ती चंद्रकांतकाकांकडे पोचली, तेव्हा बाकीचे दोघंही आलेले होते. पंखा फिरत होता आणि घामाला काही फरक पडत नव्हता. सुनंदाबाईंनी डब्यातून कोथिंबीरवडी आणली होती, तिला कुणी हात लावला नव्हता.

"आलीस? बस." चंद्रकांतकाकांनी पेटीकडे पाहिलंही नाही. "हे बघ पोरी, शाम्या गेला. चारातला एक गेला की उरतात ते तीन नसतात. कार्यक्रम संपला."

"पेटीवाला गेला म्हणून संपला, की बाबा गेले म्हणून?"

"दोन्ही एकच."

"एकच असतं तर मी काही बोलले नसते. पेटी मी वाजवते."

"तारीख काय तुझी?"

"काका, तुम्हाला माहितीये. बारशाचं जेवायला होतात तुम्ही."

हेमंतकाका खुसखुसले. चंद्रकांतकाका नाही हसले.

"तेच म्हणतो मी. तुझं बारसं झालं. दर वर्षी आईने पाटावर बसवून ओवाळलं. आम्हाला कुणी ओवाळलं? कधी जन्मलो तेच ठाऊक नाही तर ओवाळणार कधी? ही तारीख आमची, कारण ती दुसऱ्या कुणालाच नको होती. तुझ्याकडे चांगली खरी तारीख आहे. ही कशाला हवी तुला?"

घरातून निघताना ऋताने चार मुद्दे मनाशी जुळवून ठेवले होते. ते या प्रश्नाला लागू पडत नव्हते. म्हणून तिने जे होतं ते सांगितलं.

"बाबांना आम्ही याच दिवशी ओवाळायचो, काका. मला त्यांची दुसरी तारीख माहीत नाही. आत्या म्हणते कार्तिकातला जन्म. मी कार्तिकात काय करू? माझ्यासाठी त्यांचा वाढदिवस एक जूनच. त्या दिवशी हॉलला कुलूप असेल आणि मी घरी बसलेली असेन, हे मला नको आहे."

सुनंदाबाईंनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"सांगून टाका हो तिला," त्या म्हणाल्या. "सगळं नियमावर काय ढकलता?"

"काय सांगायचं?"

"तुम्ही नाही सांगणार. मीच सांगते. ऋता, त्या वेळी आम्ही तिघं तुला घ्यायला तयार होतो. नियम मोडून. तुझे बाबाच नको म्हणाले."

ऋताचा हात पेटीच्या पट्ट्यावर होता, तो तिथेच राहिला. "का?"

"म्हणाले, ही आली की आपली मजा संपेल आणि मैफल सुरू होईल. लोक हसायचे थांबतील आणि माना डोलवायला लागतील."

हे ऐकून तिला राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण बोलणं बाबांचंच होतं, अगदी त्यांच्या आवाजात ऐकू आलं. आणि ते खोटंही नव्हतं. साथीला बसली की तिला लोकांचं हसणं ऐकूच येत नसे.

"बरोबर होतं त्यांचं," चंद्रकांतकाका आता जरा मऊ आवाजात म्हणाले. "तू वाजवतेस ते बिनचूक असतं. आम्हाला बिनचूक चालत नाही गं. आमचा तमाशा आहे."

"मग बघा ना अजमावून. हेमंतकाका, गाडी काढा."

हेमंतकाकांची गाडी म्हणजे कार्यक्रमाचा शेवटचा आणि सगळ्यांच्या आवडीचा प्रकार. हावड्याहून गाडी सुटायची ती नागपूरला पोचायची. इंजिन, रूळ, पूल, चहावाले, रडकं पोर, तिकीट तपासनीस हे सगळं हेमंतकाकांच्या एका तोंडातून निघायचं. चाकांची लय तबला धरायचा आणि पेटी गाडीबरोबर धावायची. खरगपूरला चहावाला बंगालीत ओरडायचा, रायपूरपर्यंत त्याची हिंदी व्हायची, गोंदिया आलं की तो मराठीत शिव्या द्यायचा.

गाडी सुटली. ऋताने सूर धरला, लय धरली, आणि खरगपूर यायच्या आधीच हेमंतकाकांनी ब्रेक मारला.

"पोरी, ही पॅसेंजर आहे. तू राजधानी चालवतेयस. मी चहा विकतोय आणि तू आलाप घेतेयस. माझं गिऱ्हाईक पळतंय!"

दुसऱ्यांदा तिने आलाप टाळला, तर पूल बेसूर झाला म्हणून तिने जीभ चावली. "चावू नकोस," चंद्रकांतकाका डग्ग्यावर थाप मारत ओरडले. "पूल आहे तो, खडखडणारच!" तिसऱ्यांदा मात्र तिने पेटीकडे बघायचं सोडून हेमंतकाकांच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली. पोर रडलं तेव्हा तिच्या बोटांनीही भोकाड पसरलं, आणि सुनंदाबाईंना ठसका लागला. गोंदिया जवळ आलं तसे हेमंतकाका आपणहून थांबले.

"आउटर नको," ते म्हणाले. "तिथून सरळ नागपूर गाठू."

कुणी का म्हणून विचारलं नाही. गोंदियाच्या बाहेर, आउटर सिग्नलला, गाडी कचकन थांबायची आणि पेटीमागून श्यामसुंदर कोरड्या आवाजात म्हणायचे, "थांबा. लाल आहे." आयुष्यभर सिग्नल खात्यात काढलेला माणूस. मग सगळा हॉल वाट बघायचा. किती वेळ ते फक्त त्यांनाच ठाऊक. त्यांनी एक सूर दाबून "हिरवा" म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. तो त्यांचाच भाग होता, आणि तो गाळायचा हे तिघांचं न बोलता ठरलेलं दिसत होतं. ऋतानेही मान हलवली.

चंद्रकांतकाकांनी घाम पुसला. "बरं वाजवलंस. चांगलं नाही वाजवलंस, म्हणून बरं वाजवलंस. पण तारखेचं काय?"

"तारखेचं काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे," ऋता म्हणाली. "तुम्ही ती घेऊन जन्मला नव्हतात. शाळेत घालताना कुणीतरी लिहिली. मलाही घाला. शिक्षिका बसल्यात समोर."

हेमंतकाकांनी टाळी वाजवली. सुनंदाबाईंनी पर्समधून चष्मा आणि जुनी वही काढली, पाठ ताठ केली आणि एकदम वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "पोरीला पुढे आणा. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर बघू. पोचला तर सहाची झाली."

चव्वेचाळीस वर्षांच्या ऋताने उजवा हात डोक्यावरून घेतला. खांदा दुखत होता तरी कान पकडला.

"पोचला," चंद्रकांतकाका नाइलाजाने म्हणाले.

"नाव?"

"ऋता श्यामसुंदर हिंगमिरे."

"एक जून. साल काय घालू?"

"तुम्हाला वाटेल ते घाला, बाई. जरा उशिराचं घाला, नोकरी लांबेल."

एक जूनला रविवार होता. हॉल भरला, भिंतीला टेकूनही लोक उभे राहिले. अनेकांना माहीत होतं की यंदा पेटीवर कोण नसणार, आणि ती माणसं जरा जास्तच हळू बोलत होती. ऋताने निळी साडी नेसली होती. तिला भीती वाटत नव्हती. मंचावर बसणं हे तिचं रोजचं काम होतं. तिघांनी आपापली गावं, आपापले गुरुजी सांगितले. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली.

"ऋता हिंगमिरे. गाव बालीगंज. माझी तारीख सुनंदाबाई वायदंड्यांनी लिहिली, गेल्या रविवारी."

हशा आला, मग टाळ्या. सुनंदाबाईंनी शाळेत घेतात तशी मानेनेच दखल घेतली. हॉल त्या एका वाक्यात सैल झाला, आणि त्यानंतर सगळं बिनबोभाट चाललं. सुनंदाबाईंचा आवाज दोन ठिकाणी फाटला. पूर्वीची ऋता तिथे सूर पुढे घेऊन झाकपाक करायला धावली असती. ती धावली नाही. सुनंदाबाईंनी फाटलेल्या आवाजावर स्वतःच हात हलवून "जाऊ द्या" केलं, आणि लोकांना ते गाण्याइतकंच आवडलं.

मग गाडी सुटली. खरगपूर, टाटानगर, पूल. पुढल्या रांगेतल्या खऱ्या पोराने मंचावरच्या पोराला उत्तर दिलं. रायपूर झालं. गोंदिया जवळ आलं तशी हेमंतकाकांनी गती कमी केली, आणि ती कमी होत असताना ऋताला कळलं, त्यांच्या मनात नसताना हे होतंय. इतक्या वर्षांची सवय तोंडात बसली होती. चाकं कचकचली, वाफ सुटली, गाडी थांबली. हेमंतकाकांनी सवयीने मान वळवून पेटीकडे पाहिलं.

पेटीमागे ऋता होती.

चंद्रकांतकाकांचे हात तबल्याच्या वर थांबले. हॉलमधल्या जुन्या माणसांना ही जागा पाठ होती. हेमंतकाकांच्या चेहऱ्यावरून इंजिन ड्रायव्हर निघून गेला होता, आणि तिथे एक म्हातारा माणूस उभा होता, ज्याला पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं.

"केबिन," ते हळूच म्हणाले. तो आवाज कुणाची नक्कल नव्हता. "केबिन... सिग्नल कोण देतंय?"

'थांबा, लाल आहे' हे तिला म्हणता आलं असतं, बाबांच्या पट्टीत, त्यांच्याच कोरडेपणाने. लोक रडले असते. तिने भात्यावर हात ठेवला आणि थांबली. किती वेळ थांबायचं ते आता तिच्या हातात होतं, हे तिला जाणवलं, आणि ती आणखी थोडी थांबली.

"माणूस बदललाय, ड्रायव्हरसाहेब," ती मग म्हणाली. "नवीन आहे. हात बसायचाय अजून. दोन मिनिटं चहा घ्या ना तोवर."

आधी चंद्रकांतकाका हसले. खांदे हलवत, डोळे पुसत, तबला सोडून. मग हॉल हसला, मागच्या भिंतीपर्यंत, आणि हेमंतकाकांच्या चेहऱ्यावर ड्रायव्हर हळूहळू परत आला. "नवीन?" तो खेकसला. "नवीन माणसं रविवारीच का पाठवतात हो? गाडी लेट झाली तर माझं नाव!"

"झालं, झालं. हिरवा!"

तिने सूर दाबला. हसू आवरत नव्हतं, बोट घसरलं, आणि शेजारच्या दोन पट्ट्या एकदम वाजल्या. असा सूर तिने आयुष्यात कुठल्याही मंचावर लावला नव्हता. बोट उचलायचं तिच्या मनात आलं. मग तिने भाता जोरात मारला आणि दोन्ही पट्ट्या तशाच दाबून धरल्या. हेमंतकाकांनी तो कर्कश सूर तोंडात घेऊन त्याची लांबलचक शिटी केली, तबल्यावर चाकं हलली, आणि गाडी नागपूरच्या दिशेने निघाली.