बिरोबापुढची तालपेटी

तासगावच्या पूर्वेला माळावर आमची वाडी. बिरोबाच्या जत्रेत गुंडाच्या अंगात देव येतो आणि पावसापाण्याची भाकणूक सांगतो. देव येतो तो ढोलावर. सत्त्याहत्तर सालापर्यंत तो ढोल गुंडाचा मेव्हणा धुळा वाजवायचा. त्या साली पलटणीतून पेन्शनीत आलेल्या नाथाजीने मुंबईहून ताल वाजवणारी पेटी आणली. बटण दाबलं की ठेका सुरू, खुंटी पिळली की जलद. वर कर्णा जोडलेला.

"धुळामामा, तुमचा हात कापतोय. यंदा बसून ऐका," नाथाजी सगळ्यांदेखत म्हणाला.

"बसतो की. तुझी पेटी देवाला वळखती का, तेवढं बघतो."

"माणसापरीस बरी हाय. दारू पीत न्हाई."

लोक हसले. धुळाने ढोलावर घोंगडं टाकलं आणि हाताची घडी घालून बसला.

गुंडाच्या अंगात वारं आलं. त्याची पावलं पडतील तशी नाथाजी खुंटी पिळू लागला. चुकत नव्हता, आणि तेच वाईट झालं. गुंडा जलद झाला की पेटी जलद, पेटी जलद झाली की गुंडा आणखी जलद. दरवर्षी देव पळू लागला की धुळा हात जड करून, ठेका संथ करत त्याला चालीवर आणायचा, मग देव बोलायचा. नाथाजीला वाटत होतं, देवाला आवरणं पाप, आपण फक्त मागे जायचं.

गुंडाच्या तोंडाला फेस आला. त्याची बायको राहीबाई भावापुढे आली.

"दादा, ढोल घे."

"मला बसून ऐकाय सांगितलंय. त्याला आदी पेटी बंद कराय सांग."

"देव जाईस्तवर ताल तोडायचा न्हाई," नाथाजी म्हणाला.

ती रीत खरीच होती. एका रिंगणात दोन ताल वाजवायचे नाहीत, हीसुद्धा रीतच. दोघं एकमेकांकडे खाऊ का गिळू बघत राहिले आणि गुंडा नाचत राहिला.

तो पडला तरी पेटी वाजतच होती. राहीबाईने तार उपटली. त्या वर्षी भाकणूक झाली नाही.

गुंडा उठून बसायला लागल्यावर धुळा त्याच्या घरी गेला.

"पंचांनी पेटी बंद केली, दाजी. म्होरल्या जत्रंला ढोल माझाच."

"पेटीला डोळं न्हवतं," गुंडा म्हणाला. "तुला हुतं. तुझ्या ढोलावर मी नाचणार न्हाई."

धुळा अजून उंबऱ्यापाशीच उभा होता. राहीबाईने त्याला बस म्हटलं नाही.