तळहाताएवढी चानकी

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. अकोल्याच्या जुन्या शहरातलं मुलींचं बालगृह. सतरंजीवर तेरा मुली, समोर वही उघडून बसलेल्या सरकारी दवाखान्यातल्या गीतांजली सिस्टर. शेवटच्या रांगेतली प्राजक्ता फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळते आहे, सोडते आहे, पुन्हा गुंडाळते आहे.

स्वयंपाक करणाऱ्या पार्बताबाईला टीबी निघाला होता. ती बार्शीटाकळीला लेकीकडे राहून औषध घेत होती.

"तिच्याजवळ कोण कोण बसायचं?" सिस्टरनी विचारलं.

"मदतीच्या पाळीवरच्या दोघी," अधीक्षिका माणिकबाई ठासून म्हणाल्या. "बाकीच्यांना स्वयंपाकघरात बंदी आहे."

प्राजक्तानं फ्रॉकचं टोक सोडलं. दर मंगळवारी संध्याकाळी पार्बताबाई तिला आत घ्यायची, वास जाऊ नये म्हणून खिडकी लावायची आणि उरल्या पिठाची तळहाताएवढी चानकी, म्हणजे इवलीशी भाकरी, भाजून द्यायची. वर म्हणायची, "तूच माही लाडाची. कोनाले सांगजो नोको."

सांगितलं तर तिची नोकरी गेली असती. प्राजक्ता तरी उभी राहिली.

"मी बसतो सिस्टर. मंगळवारी. चानकी खातो. तिले काढून टाकसान काय?"

"नाही गं. बरी झाली की परत येईल. आणि हा आजार चानकीनं नाही होत. बंद खोलीत, खोकणाऱ्याजवळ बसल्यानं होतो. म्हणून तर विचारते."

"मंगळवार सकाळ माही हाय!" कुंदन ताडकन उठली. "लाडाची तं मी हावो!"

"हट! गुरुवारी मले देते!"

"मलेबी!"

एकच गलका झाला. सिस्टर हसत हसत वार लिहीत गेल्या. सात सकाळी, सहा संध्याकाळी.

"रविवारची संध्याकाळ रिकामी दिसते."

माणिकबाईंनी पदर सारखा केला. मुलींकडे न पाहता त्या हळूच म्हणाल्या, "लिहा. माझं नाव."

मग कुंदन फिसकन हसली आणि सगळी सतरंजी हसून लोळली.

टीबी तपासायच्या सुईसाठी पहिला हात प्राजक्तानं पुढे केला. दोन दिवसांनी सुईची जागा सुजली का, ते पाहायला सिस्टर परत येणार होत्या, तिथून पुढे बार्शीटाकळीला जाणार होत्या.

सिस्टर परत आल्या त्या दिवशी प्राजक्तानं स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली, माणिकबाईंच्या देखत एक वाकडीतिकडी चानकी थापली, भाजली, आणि फडक्यात बांधून सिस्टरच्या पिशवीत ठेवली.

"पार्बताबाईले द्या," ती कानात म्हणाली. "अन् सांगा, कोनाले सांगजो नोको."