लोखंडी राक्षसाचे डोळे

"गणपतीचा सीझन तोंडावर आलाय, कारखान्यात दीडशे मूर्ती रंगाविना उभ्या हायत, नि आपण चाललोय रोह्याला. कशाला? तर टीव्हीवरची मारामारी बघायला!"

पेणच्या रामवाडीहून एसटी सुटल्यापासून जगन बायकोच्या कानाशी पुटपुटत होता. इस्त्रीचा शर्ट त्याने कालच खुंटीला लावून ठेवला होता, हे चंद्रावतीने बघितलं होतं.

मारामारी म्हणजे एक गेम. परदेशात कुठेतरी परग्रहावरच्या लोखंडी राक्षसांचा सिनेमा निघाला. तो धो धो चालला, म्हणून त्यावरून गेम निघाला. आणि त्यातल्या थोरल्या राक्षसाचं तोंड यांच्या लेकीने, मृणालीने, पुण्याच्या कंपनीत बसून, दीड वर्ष खपून, कॉम्प्युटरवर घडवलं. सिनेमात राक्षसाला डोळे नव्हतेच, नुसता लाल दिवा. गेममध्ये तो अगदी जवळ येतो, तेव्हा डोळे हवे झाले. गेम पुरता जिंकला की शेवटी काम करणाऱ्यांची नावं येतात. मृणाली म्हणाली होती, "माझं नाव आपण सगळ्यांनी मिळून बघायचं." गेमचं यंत्र होतं रोह्याला, आत्याच्या हर्षदकडे. तो धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून बारा दिवस लढला होता. आता शेवटची लढाई उरली होती.

हर्षदच्या आईने, विमलबाईंनी, भावाच्या, जगनच्या हातात पोह्यांची बशी दिली. मृणाली पुण्याहून सकाळीच आलेली. हर्षद सरसावून बसला आणि धुरातून राक्षस बाहेर आला.

चंद्रावतीचा घास तोंडातच राहिला. पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तीचे डोळे काढण्याला आखणी म्हणतात. चंद्रावतीची आखणी वेगळी होती. वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढलेली, बुबुळ मधोमध नाही, किंचित खाली, म्हणजे माणूस कुठेही उभा राहो, मूर्ती त्याच्याकडेच बघते. तो राक्षस तसाच बघत होता. हर्षद डावीकडे पळाला तरी, उजवीकडे पळाला तरी.

"बाय गो," ती पुटपुटली. "माझीच आखणी!"

"मग शिकले कुणाकडून?" मृणाली हसली.

"मामी, तुमच्या डोळ्यांनी बारा दिवस झोप उडवली माझी," हर्षद म्हणाला आणि त्याने राक्षसाला लोळवलं. पडदा काळा झाला. नावं वर सरकू लागली.

शेकड्यांनी नावं. हर्षद मोठ्याने वाचत होता. जेवण पुरवणाऱ्यांची आली. गेम बनताना ज्यांच्या घरी पाळणे हलले त्या बाळांचीही आली. कुणाच्यातरी कुत्र्याचंसुद्धा आलं! मग पुण्याच्या कंपनीचं नाव, एकच ओळ. त्याखाली काही नाही. संगीत थांबलं.

"भरभर गेली गो," विमलबाई म्हणाल्या. "चहा टाकू?"

"परत लावतो," हर्षद म्हणाला. पण त्याने लावलं नाही.

मृणाली बोटाने चादरीचा दोरा उसवत होती. "मी विचारलं होतं साहेबांना. आधी म्हणाले, आपल्यात तशी पद्धत नाही. काम कंपनीचं, तर नाव कंपनीचं. मग म्हणाले, बघू, म्हणून मला वाटलं, येईल."

चंद्रावतीच्या कानशिलात आग पेटली. कुत्र्याला नाव, आणि माझ्या पोरीला नाही? दीड वर्ष पोर मान मोडून बसली, दिवाळीला घरी आली तीही चष्म्याचा नंबर वाढवून. आणि म्हणे पद्धत!

तिच्या आधी जगनच उठला. बशी आदळली. "पद्धत? कसली डोंबलाची पद्धत? चोर हायत साले! फोन लाव त्या साहेबाला, मी बोलतो. डोळ्यांशिवाय तो राक्षस म्हणजे नुसता पत्र्याचा डबा! ज्या हातानं जीव ओतला, त्याचं नाव नको? दुसऱ्याच्या कष्टावर स्वतःचं नाव मिरवायचं, लाज नाय वाटत?"

विमलबाई चहाचं विसरून दारातच थांबल्या. हर्षद टीव्हीकडे बघत राहिला, जरी टीव्हीवर काही नव्हतं. मृणालीने एकदा आईकडे बघितलं आणि झटकन मान खाली घातली. जगनला मात्र आणखी चेव आला. "बोला की! सगळे गप का?"

"कारण सगळ्यांना ठाऊक हाय," चंद्रावती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिचा तिलाच तो परका वाटला. "बोलत कोण नाय, एवढंच. अहो, सव्वीस वर्षं तुमच्या कारखान्यातल्या एकूण एक मूर्तीचे डोळे मी काढते. गेल्या साली पेपरवाला आला, तेव्हा माझा ब्रश हातात धरून फोटो तुम्ही काढून घेतलात. माझं नाव कुठं लिवलंत तुम्ही?"