पान तीनची पाठ

धाकटी शाळेतून आली ती पेपर तोंडासमोर धरूनच. "ताई, बघ, खिडकी!" पानाच्या मधोमध चौकोनी भोक होतं आणि त्यातून ती मला जीभ दाखवत होती.

मला काही हसू आलं नाही. त्या भोकात माझं बोलणं होतं, छापलेलं.

बसस्टॉपजवळ माझ्या मामाचा पेपरचा स्टॉल आहे. शाळा सोडल्यापासून मी तिथेच बसते. शाळा का सोडली? मुलींच्या संडासाला कुलूप. चावी हेडसरांच्या खिशात. तपासणीला साहेब यायचे असले की कुलूप उघडायचं, फिनेल ओतायचं, साहेबांची पाठ वळली की पुन्हा बंद. आम्ही मधल्या सुट्टीत घरी पळायचं, परत यायला उशीर झाला की वर बोलणी खायची. एक दिवस भर वर्गात मी विचारलं, "सर, तुमचा उघडा असतो, आमचाच का बंद?" म्हणाले, "उद्या पालकांना घेऊन ये." मी पालकांना नेलं नाही. दप्तर उचलून घरी नेलं ते कायमचं.

मागच्या आठवड्यात एक बातमीदार बाई स्टॉलवर आली. विचारलं तिने, सांगितलं मी. नाव छापा म्हटलं, तर म्हणे तू लहान आहेस. पण आज सकाळी पान तीनवर बातमी आली आणि त्यात माझं वाक्य जसंच्या तसं: 'कुलूप संडासाला नाही, आमच्या शाळेला लागलं.'

हा पेपर वर्गात जाणार हे मला माहीत होतं. नागरिकशास्त्राच्या बाई रोज माझ्याकडूनच पेपर नेतात, पोरांना शिकवायला. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "पेपरातून घटना शोधून आणा." अर्धा वर्ग ट्रकची धडक घेऊन आला, एकाने तर विहिरीत पडलेली म्हैस आणली. बाई पोट धरून हसल्या. "चला, ही पण घटनाच. आता या घटनेत ती घटना शोधा, पुस्तकातली. म्हशीला नसतील, पण मालकाला हक्क आहेत ना?" तेव्हापासून वर्गात तोच खेळ. आणि तेव्हापासूनच हेडसरांचा नियम: पेपर आधी त्यांच्या टेबलावर, मग वर्गात. टेबलावर कात्री असते.

म्हणजे माझं वाक्य शाळेच्या दारापर्यंत गेलं आणि तिथेच त्याचं मुंडकं उडालं. वर्गातल्या एकाही पोरीने ते ऐकलं नाही. माझं डोकं असं सटकलं की मामा म्हणाला, "गठ्ठा बांधतेयस की गळा आवळतेयस?"

तेवढ्यात हेडसर स्टॉलवर. स्वतः! आणि आवाजात साखर. "आजचा पेपर आहे का गं? सगळीकडे संपलाय."

मला काही कळेना. माझ्यासाठी ठेवलेला एकच उरला होता, तो काढला, पान उलटलं. पान चारवर हेडसर! हातात फुलांचा गुच्छ, खाली 'आदर्श मुख्याध्यापकाचा सत्कार'. बरोब्बर माझ्या बातमीच्या पाठीला.

"अगं बाई! सर, स्वतःचंच डोकं कापलंत की!"

मामाच्या नाकात चहा गेला.

"आगाऊपणा नको. पैसे घे आणि दे."

"दे की गं, गिऱ्हाईक आहे," मामा खोकत म्हणाला.

"हा विकायचा नाही. उद्या बाईंच्या तासाला मी घेऊन येते. तुमचा फोटो पोरांना दाखवा. पण अख्खं पान. कात्री नाही."

हेडसरांनी जरा विचार केला. मग हसले. "ये. फळ्याशेजारीच लावू."

ते का हसले ते मला दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं. हातात डिंकाची बाटली घेऊन उभे होते. फोटो वर, बातमी भिंतीला. एकदा चिकटली की गेली!

मी पान हिसकावणारच होते. पण पान फाटलं असतं तर सरांचंच फावलं असतं. खिशात हात घातला, तर स्टॉलचे चिमटे लागले.

"आम्ही पेपर चिकटवत नाही सर. दोरीला लावतो. बाई, दोरी आहे?"

बाईंनी नकाशाची दोरी सोडून दिली. या खिडकीपासून त्या कपाटापर्यंत ताणली, वर्गाच्या मधोमध. पान लटकलं. इकडच्या पोरांना फोटो दिसला, टाळ्या पडल्या. तिकडच्या बाजूला धाकटी उठली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली. माझ्या वाक्यापाशी थांबली, माझ्याकडे बघितलं आणि ते दोनदा वाचलं.

बाईंनी रोजचाच प्रश्न विचारला. "यात घटना कोणती?"

"संडासाला कुलूप," एक पोरगा.

"आणि पुस्तकातली?"

"ताई बोलली. पेपरने छापलं. आपण वाचलं," धाकटी म्हणाली. "बोलायचं स्वातंत्र्य."

मागून एक पोरगी, बारीक आवाजात: "आणि सरांनी कापलं होतं, ते कशात येतं?"

सगळ्या माना हेडसरांकडे वळल्या.

"तास संपला," हेडसर म्हणाले.

बाईंनी घड्याळ बघितलं. "नाही सर. अजून आहे."

मग हेडसर माझ्यावर घसरले. "तू या वर्गाची नाहीस. बाहेर हो."

"शाळेच्या पटावरून तिचं नाव काढलेलं नाही," बाई म्हणाल्या. "सही करायला तुम्हाला वेळच मिळाला नाही."

हे मलाही नवीन होतं. मी सरळ धाकटीच्या बाकाकडे गेले. "सरक गं."

ती सरकली.

"कुलूप उघडेपर्यंत मी इथेच आहे सर. उद्या पण. परवा पण."

"मी पण," मागची पोरगी म्हणाली, आता जरा मोठ्याने.

फोटोतले हेडसर हसत होते. खऱ्यांचा हात खिशात गेला. चावी वाजली, पण बाहेर आली नाही.

मी बाकावर मांडी ठोकली आणि धाकटीचं पुस्तक दोघींच्या मध्ये ओढलं.